कम्युनिटी थिएटरमध्ये खरंच सगळ्यांना जागा करायची असेल तर सुरुवात कुठून करायची

अमेरिकेत राहणाऱ्या आणि नाटकाचा किडा असलेल्या मराठी माणसाचं साधारण असं होतं की मंडळाच्या गणपतीत एकांकिका करून झाल्या की पाय हळूहळू गावातल्या कम्युनिटी थिएटरकडे, म्हणजे गावच्या हौशी नाट्यसंस्थेकडे, वळतात, आधी शनिवारी सेट रंगवायला, मग प्रॉप्स सांभाळायला, मग बॅकस्टेज, आणि कोणालाच वेळ नसतो म्हणून एक दिवस थेट बोर्डावर, म्हणजे संस्थेच्या कार्यकारिणीवर. माझंही तसंच झालं. आणि बोर्डावर गेलात की हा विषय कधी ना कधी टेबलावर येतोच, की आपल्या थिएटरचं वांशिक समतेबद्दल म्हणणं काय आहे, आपण सगळ्यांना सामावून घेतो का, आणि नसेल घेत तर काय करायचं.

२०२० च्या मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या ब्लॅक माणसाचा पोलिसाच्या हातून खून झाला, जूनमध्ये तीनशेहून जास्त रंगकर्मींनी 'वी सी यू, व्हाइट अमेरिकन थिएटर' नावाचं जाहीर पत्र काढलं, आणि त्यानंतर देशभरातल्या लहानमोठ्या थिएटरांनी धडाधड स्टेटमेंटं लिहिली. बऱ्याच ठिकाणी गाडी तिथेच थांबली. कारण सगळे एक तर स्टेटमेंटपासून सुरू करतात किंवा कास्टिंगपासून, आणि माझ्या मते दोन्ही चुकीची टोकं आहेत. कास्टिंग ही फार शेवटची पायरी आहे हो. नाटक कोणी निवडलं, दिग्दर्शक कोणी ठरवला, ऑडिशनची बातमी कोणापर्यंत गेली, हे सगळं होऊन गेल्यावर मग कास्टिंग येतं, आणि तेव्हा खोलीत जे लोक असतात त्यांच्यातूनच निवडायचं असतं. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो मुद्दाम उलटा वाटेल असा आहे, स्टेटमेंट सगळ्यात शेवटी.

आधी जुने प्रोग्रॅम काढून बसा

प्रत्येक थिएटरच्या कपाटात जुन्या प्रयोगांचे प्रोग्रॅम पडलेले असतात. गेल्या पाच सीझनचे काढा आणि एक स्प्रेडशीट करा: नाटक, लेखक, दिग्दर्शक, डिझायनर, स्टेज मॅनेजर, नट, बोर्ड, आणि नाटक निवडणारी कमिटी. लेखकांची माहिती सहज मिळते. बाकीच्यांच्या बाबतीत फोटो बघून वंश ठरवायला जाऊ नका प्लीज, त्यातून फक्त घोळ होतो आणि ते अपमानास्पदही आहे. त्यापेक्षा सगळ्या स्वयंसेवकांना एक छोटा फॉर्म पाठवा, ऐच्छिक, नाव न विचारणारा, ज्यात माणूस स्वतःला काय म्हणवतो ते तो स्वतः लिहील, आणि "सांगायचं नाही" हाही पर्याय ठेवा.

मग गावाची आकडेवारी काढा. सेन्सस ब्युरोच्या साइटवर अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे आहे, छोट्या गावासाठी त्यातले पाच वर्षांचे एकत्रित आकडे घ्यायचे, एका वर्षाचे छोट्या गावांना मिळतच नाहीत. वंश, घरात बोलली जाणारी भाषा, आणि घरी गाडी आहे का नाही, हे तीन तक्ते पुरे. तिसरा का ते ऑडिशनपाशी कळेल.

हे दोन कागद शेजारी ठेवून बोर्डासमोर मांडा आणि त्या दिवशी कुठलाही निर्णय घेऊ नका. लोकांना जरा बघू द्या. पहिल्या मीटिंगमध्ये कोणीतरी "पण ते लोक ऑडिशनला येतच नाहीत" म्हणणारच, त्याच्याशी वाद घालत बसू नका, ते वाक्य तसंच मिनिट्समध्ये लिहून ठेवा आणि पुढच्या पायरीला या.

गावात आधीपासून कोण नाटक करतंय ते बघा

"येतच नाहीत" याचा अर्थ बऱ्याचदा असा असतो की ते दुसरीकडे नाटक करतायत आणि आपल्याला पत्ता नाही. न्यूयॉर्कमध्ये १८२१ मध्येच ब्लॅक लोकांनी चालवलेलं आफ्रिकन ग्रोव्ह थिएटर होतं. ओहायोतल्या क्लीव्हलंडचं कारामू हाउस १९१५ पासून चालू आहे. १९२६ मध्ये ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी क्रिग्वा प्लेअर्स या आपल्या नाट्यसंस्थेसाठी चार अटी मांडल्या होत्या, नाटक आमच्याबद्दलचं हवं, आम्ही लिहिलेलं हवं, आमच्यासाठी हवं आणि आमच्या वस्तीत हवं, आणि प्रयोग व्हायचे न्यूयॉर्कच्या हार्लेम या ब्लॅक वस्तीतल्या लायब्ररीच्या तळघरात. आता सांगा, याला हौशी रंगभूमी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं! १९१० च्या दशकात लिटल थिएटर, म्हणजे छोट्या हौशी नाट्यसंस्थांची, चळवळ सुरू झाली आणि आजची गावोगावची कम्युनिटी थिएटरं तिचीच नातवंडं आहेत असं अभिमानाने सांगितलं जातं, पण त्याच काळात दक्षिणेकडे गोऱ्यांना आणि ब्लॅक लोकांना कायद्यानेच वेगवेगळे दरवाजे होते हे सांगायचं राहून जातं.

तर करायचं काय: चर्चमधले ड्रामा ग्रुप, मुळात ब्लॅक विद्यार्थ्यांसाठी निघालेलं एखादं कॉलेज जवळ असेल तर त्याचा नाट्यविभाग, लॅटिनो कल्चरल सेंटर, हायस्कूलचे ड्रामा टीचर, चिनी शाळा, आणि हो, मराठी मंडळ, गुजराती समाज, तमिळ संघम, यांची यादी करा. मग बोर्डातल्या प्रत्येकाने यातल्या निदान दोघांच्या प्रयोगांना तिकीट काढून जायचं. प्रयोगानंतर भेटायचं, नाटकाबद्दल बोलायचं आणि घरी यायचं. पहिल्याच भेटीत "आमच्याकडे या ना, आम्हाला डायव्हर्सिटी हवीये" असं म्हणणाऱ्या माणसापासून कोणीही चार हात लांबच राहील, आपणही राहिलो असतो.

ही पायरी पूर्ण व्हायला एक अख्खा सीझन जातो. घाई करून उपयोग नाही.

नाटक कोण निवडतं

इथे जरा थांबतो, कारण खरी चावी इथे आहे. बहुतेक कम्युनिटी थिएटरमध्ये प्ले रीडिंग कमिटी असते, पाच-सात लोक, तीच ती, वर्षानुवर्षं, आणि ती एकमेकांच्या ओळखीतून आलेली असतात. यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. पण माणूस जी नाटकं वाचून मोठा झाला तीच त्याला "आपल्या प्रेक्षकांना आवडतील" अशी वाटतात.

तिथे चार बदल करा. कमिटीतल्या प्रत्येकाला मुदत घाला, दोन किंवा तीन वर्षं, आणि ती नियमावलीत लिहा, नाहीतर कोणी उठत नाही. नवीन लोक घेताना एकटा माणूस घेऊ नका, निदान दोघं घ्या, कारण सात गोऱ्या लोकांत एकच ब्लॅक किंवा एकच देसी माणूस असला की प्रत्येक वेळी सगळे त्याच्याकडे वळून बघतात, "तुम्हाला काय वाटतं, हे चालेल का?", आणि तो अख्ख्या समाजाचा प्रवक्ता होऊन बसतो, मला हा अनुभव चांगलाच आहे आणि तो फार थकवणारा असतो. तिसरं, मीटिंगची वेळ. दुपारी दोन वाजताची मीटिंग फक्त रिटायर्ड लोकांनाच जमते. चौथं बोर्डासाठी आहे: बोर्डावर यायचं तर वर्षाला अमुक डॉलर द्या किंवा जमवा अशी अट असेल तर ती काढा किंवा त्याऐवजी कामाचे तास धरा, नाहीतर बोर्ड कोणाचा बनणार हे त्या अटीनेच ठरवून टाकलेलं असतं.

निवड करताना एका वाईट सवयीकडे लक्ष ठेवा. ब्लॅक लेखकाचं नाटक फक्त फेब्रुवारीत, म्हणजे ब्लॅक हिस्ट्री मंथमध्ये, आणि तेही फक्त गुलामगिरी नाहीतर पोलिसांच्या गोळीबाराबद्दलचं. लोकांना फार्स करायचा असतो, म्युझिकल करायचं असतं, भुताचं नाटक करायचं असतं. सीझनमधलं सगळ्यात खात्रीचं, सगळ्यात जास्त तिकिटं जाणारं स्लॉट कोणाला देता त्यावरून तुमचं मन कळतं. डिसेंबरचं स्लॉट द्या की.

१९९६ मध्ये प्रिन्स्टनला रंगकर्मींच्या परिषदेत ब्लॅक नाटककार ऑगस्ट विल्सन यांनी एक भाषण केलं होतं, त्यात त्यांनी कलरब्लाइंड कास्टिंगला, म्हणजे वंश न बघता कोणालाही कुठलीही भूमिका देण्याला, सरळ विरोध केला होता. त्यांचं म्हणणं होतं की गोऱ्या लेखकांच्या नाटकात चार ब्लॅक नट घातले म्हणजे ब्लॅक रंगभूमीला जागा मिळाली असं होत नाही, देशातल्या ६६ मोठ्या रीजनल, म्हणजे शहरोशहरीच्या व्यावसायिक, थिएटरांपैकी ब्लॅक म्हणता येईल असं एकच आहे. त्यावर नाट्यसमीक्षक रॉबर्ट ब्रुस्टाइन यांच्याशी त्यांचा १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये जाहीर वाद झाला. मला स्वतःला विल्सन यांचं पूर्ण पटत नाही, आमच्यासारख्या छोट्या गावात कास्टिंग मोकळं ठेवलं नाही तर माझ्यासारख्याने आयुष्यभर डॉक्टर आणि टॅक्सीवालाच करायचा का? पण त्यांचा मूळ मुद्दा, की किल्ल्या कोणाकडे आहेत ते बघा, तो शंभर टक्के खरा आहे.

हक्क घेण्याआधी कास्टिंगची अट वाचा

म्युझिकलचे हक्क एमटीआय किंवा कॉन्कॉर्डसारख्या कंपन्यांकडून घ्यायचे असतात, साध्या नाटकाला साधारण प्रयोगामागे शंभर डॉलरच्या आगेमागे रॉयल्टी पडते, म्युझिकलला त्याच्या कितीतरी पट. पैसे भरायच्या आधी लायसन्समधली कास्टिंगची कलमं शब्दन् शब्द वाचा. 'हेअरस्प्रे'चं उदाहरण घ्या, ते नाटकच बाल्टिमोरमधल्या टीव्हीवरच्या वर्णभेदाबद्दल आहे, आणि आधी त्याच्या कर्त्यांनी हौशी संस्थांना मुभा दिली होती की ब्लॅक नट मिळाले नाहीत तरी करा. ती मुभा नंतर काढून घेतली.

२०१५ मध्ये ओहायोतल्या केंट स्टेट युनिव्हर्सिटीत मार्टिन लूथर किंग यांच्यावरच्या नाटकात किंगची भूमिका गोऱ्या नटाला दिली गेली, लेखिका कटोरी हॉल यांना कळल्यावर त्यांनी जाहीर निषेध केला आणि पुढे लायसन्समध्ये अटच घातली. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियात क्लॅरियन युनिव्हर्सिटीत लॉइड सू यांच्या एका नाटकातल्या भारतीय पात्रांसाठी गोरे विद्यार्थी घेतले होते, प्रयोग तोंडावर आलेला असताना लेखकाने हक्क काढून घेतले आणि प्रयोग रद्द झाला. तिथे संतापाची बरीच चर्चा "मुलांची मेहनत वाया गेली" अशी झाली, जे खरंच आहे, पण त्याची जबाबदारी नाटक निवडताना हा विचार न करणाऱ्यांवर येते.

म्हणून नियम साधा ठेवा. ज्या भूमिकेत वंश हा गोष्टीचाच भाग आहे त्या भूमिकांना कोण कोण येऊ शकेल याची खरीखुरी नावं नाटक निवडताना डोळ्यासमोर नसतील, तर ते नाटक यंदा नाही. आधी ओळखी, मग नाटक. आणि परवानगीशिवाय संवाद बदलणं, पात्राचा वंश बदलून नावं फिरवणं हे लायसन्सचा भंग आहे, ते "ॲडजस्ट करून घेऊ" वालं इथे चालत नाही.

ऑडिशन

ऑडिशनच्या जाहिरातीत "सर्व वंशाच्या कलाकारांचं स्वागत" ही ओळ सगळेच टाकतात आणि ती वाचून कोणीच येत नाही. त्यापेक्षा प्रत्येक भूमिकेपुढे एक ओळ लिहा: ही भूमिका कथेनुसार ब्लॅक स्त्रीची आहे, ही भूमिका कोणीही करू शकतं, हे कुटुंब एकत्र आहे पण दिसायला सारखं असायची गरज नाही, वडील एका वंशाचे आणि मुलगी दुसऱ्या वंशाची चालेल. ही शेवटची ओळ फार महत्त्वाची आहे, लोक स्वतःहून गाळून टाकतात स्वतःला, "आईची भूमिका गोरीला मिळणार म्हणजे मुलीसाठी माझा चान्स नाही". आणि एखादी भूमिका आधीच कोणाला दिली असेल तर तसं स्पष्ट लिहा. आतून ठरलेल्या ऑडिशनला दोन तास प्रवास करून आलेला माणूस परत येत नाही, आणि दहा जणांना सांगतो ते वेगळंच.

मग पोचायचं कसं. गावातल्या किती घरांत गाडी नाही तो आकडा आठवा. शेवटची बस साडेनऊला असेल आणि तालीम दहाला संपत असेल तर तुम्ही त्या वस्तीला दार बंदच केलंय. तालमीचं अख्खं वेळापत्रक जाहिरातीतच द्या, त्यात सुट्ट्यांचा विचार करा, म्हणजे नाताळ सोडून रमजान, दिवाळी, लूनर न्यू इयर सुद्धा असतात हे कॅलेंडरमध्ये दिसू द्या. कारपूल कोण करणार ते विचारा. भाग घ्यायची फी असेल तर ती बंद करा किंवा निदान न विचारता माफ होईल अशी ठेवा, "गरज असेल तर ट्रेझररला भेटा" असं लिहिलं की कोणी भेटत नाही.

वाचनाचे उतारे आठवडाभर आधी साइटवर टाका. पहिल्यांदा येणाऱ्याला, किंवा इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्याला, हातात कागद देऊन तिथल्या तिथे वाच म्हणणं म्हणजे त्याचा अभिनय बघणं नव्हे. निवड करायला दिग्दर्शक एकटा नको, तीन जण बसवा, आणि ऑडिशन सुरू व्हायच्या आधी कागदावर लिहा की या भूमिकेत आपण काय शोधतोय. नंतर "ती जरा त्या काळातली वाटत नाही" असं कोणी म्हणालं की त्या कागदाकडे बोट दाखवायचं. "त्या काळातली" म्हणजे काय? नाटक एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमधलं असेल तर तेव्हा लंडनमध्ये ब्लॅक आणि भारतीय लोक नव्हते का? होते की. आयरा ऑल्ड्रिज नावाचा ब्लॅक अमेरिकन नट एकोणिसाव्या शतकात इंग्लंड आणि युरोपभर शेक्सपिअर करत फिरत होता.

आणि अ‍ॅक्सेंट. "जरा इंडियन अ‍ॅक्सेंटमध्ये करून दाखव ना" हे वाक्य ऑडिशनच्या खोलीत बंद. संहितेत अ‍ॅक्सेंट लागत असेल तर तो कुठल्या गावचा, कुठल्या पिढीचा हे ठरवा आणि त्यासाठी कोच आणा.

फॉर्मवर नावाचा उच्चार लिहायला एक ओळ ठेवा, आणि तो उच्चार स्टेज मॅनेजरने पहिल्या दिवशी पाठ करून यायचा.

तालमीच्या खोलीत आणि मेकअप रूममध्ये

मोठमोठ्या गप्पा मारणारी थिएटरं इथे अडखळतात कारण हे सगळं बारीकसारीक आहे. केसांचं घ्या. ब्लॅक नटीला बहुतेक ठिकाणी सांगतात "तू घरून करून ये", म्हणजे बाकीच्यांना केशभूषाकार थिएटरचा आणि हिला स्वतःच्या खर्चाने वेण्या घालून यायचं, ज्याला कित्येक तास लागतात आणि बरेच पैसे. कास्टिंग झाल्याबरोबर, कॉस्च्युमच्या मापांबरोबरच, केसांबद्दल खासगीत बोला: सध्या कसे आहेत, प्रयोगापर्यंत कसे असतील, विग लागणार का, विगच्या खाली केस बसवायला कोणाला येतं. येत नसेल तर ज्याला येतं त्याला पैसे देऊन बोलवा, बजेटमध्ये ओळ घाला.

मेकअपच्या किटमध्ये गडद शेड नसतील तर पहिल्या फिटिंगआधी आणा. "स्किन कलर" म्हणून मागवलेले टाइट्स, मायक्रोफोनची वायर चिकटवायची टेप, बूट, हे सगळं बहुतेक वेळा गोऱ्या कातडीच्या रंगाचं असतं. हार्लेमच्या डान्स थिएटरने १९७० च्या दशकातच प्रत्येक नर्तकाच्या रंगाप्रमाणे टाइट्स आणि बूट रंगवायला सुरुवात केली होती, त्यात अवघड काही नाही, रंगाचं पाकीट आणि एक टब लागतो.

प्रकाशयोजनेबद्दल थोडं जास्त सांगतो कारण हे मी स्वतः बरंच केलंय. लाइट फोकस करताना स्टेजवर कोण उभं असतं? जो स्वयंसेवक रिकामा असेल तो. त्याच्या गोऱ्या चेहऱ्यावर लेव्हल सेट होते आणि मग प्रयोगात गडद कातडीचा नट काळोख्या सेटसमोर नुसता दात आणि डोळे दिसतो, वर प्रेक्षक म्हणतात चेहऱ्यावर भाव नव्हते. फोकसच्या वेळी त्या नटाला, किंवा तशाच कातडीच्या कोणालातरी, बोलवा. समोरून नुसता लाइट वाढवत नेलात तर शेजारचा गोरा नट जळून जातो, त्यापेक्षा बाजूने आणि मागून लाइट द्या, चेहऱ्याची कड उजळते आणि माणूस सेटपासून सुटा होतो. अंबर आणि लॅव्हेंडरची फिल्टर्स बहुतेक गडद कातडीवर सुंदर दिसतात, हिरवट छटा मात्र मारून टाकते. सेट डिझायनरलाही आधीच सांगा की गडद तपकिरी भिंत नको. आपल्या मराठी मंडळींनाही हे लागू आहे, सगळे काय चित्पावनी गोरे नसतात.

संहितेत वंशावरून शिव्या असतील तर त्या पहिल्या वाचनाला कशा घ्यायच्या ते आधी ठरवा. ज्याला ती शिवी ऐकायची आहे त्याचं म्हणणं पहिलं. बऱ्याच ठिकाणी सुरुवातीच्या तालमीत तो शब्द गाळून वाचतात आणि पूर्ण रनमध्येच घेतात, आणि तालमीच्या बाहेर, कॉफी पिताना, "गंमत म्हणून" तो शब्द कोणी काढला तर ती थेट तक्रारीची बाब. ब्लॅकफेस, ब्राउनफेस, तोंड रंगवून दुसऱ्या वंशाचं होणं, यावर चर्चा नाहीच.

शेवटच्या आठवड्याच्या टेक तालमींबद्दलही, म्हणजे लाइट, आवाज, सेट सगळं जुळवायच्या तालमींबद्दलही, बोला. त्या २०२० च्या 'वी सी यू' चळवळीच्या मागण्यांमध्ये दिवसाला दहा-दहा तासांच्या टेक तालमी बंद करा आणि आठवड्याला पाचच दिवस तालीम ठेवा हेही होतं. वरवर त्याचा वंशाशी काय संबंध असं वाटतं, पण जो माणूस दोन नोकऱ्या करतो तो कुठल्या वस्तीतला असतो ते बघा म्हणजे कळेल.

तक्रार कुठे करायची

शिकागोत एका छोट्या थिएटरमधला अनेक वर्षांचा छळ २०१६ मध्ये उघड झाला, त्याआधीपासून तिथले रंगकर्मी मिळून नियम बनवत होते, आणि डिसेंबर २०१७ मध्ये 'शिकागो थिएटर स्टँडर्ड्स' नावाचा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. फुकट आहे, युनियन नसलेल्या लहान थिएटरांसाठीच लिहिलेला आहे, उतरवून घ्या. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे नटांनी आपल्यातलाच एक प्रतिनिधी निवडायचा, जो तक्रार वर नेतो, आणि तक्रारीचा मार्ग टप्प्याटप्प्याने, कोणाचा फोन कोणाचा इमेल, असा कागदावर सगळ्यांना पहिल्याच तालमीला मिळतो.

हौशी संस्थेत अडचण अशी असते की दिग्दर्शक बोर्डाचा अध्यक्ष असतो, त्याची बायको कॉस्च्युम करते आणि मेहुणा तिकीट खिडकीवर असतो. मग तक्रार कोणाकडे करणार! म्हणून निदान एक संपर्क बोर्डाबाहेरचा ठेवा, शेजारच्या गावातल्या थिएटरशी अदलाबदल करा, तुमच्या तक्रारी त्यांचा माणूस ऐकेल, त्यांच्या तुमचा. किती दिवसांत उत्तर येणार ते लिहा आणि तक्रार करणाऱ्याचा रोल जाणार नाही हेही लिहा.

प्रेक्षकांकडे येताना

लेखिका डॉमिनिक मोरिसो आपल्या नाटकांच्या प्रोग्रॅममध्ये एक पान घालतात, की मोठ्याने हसा, "आमेन" म्हणा, उत्तर द्या, चालेल. कारण अमेरिकन थिएटरमध्ये शांत बसणं म्हणजेच सभ्यपणा असं काही लोकांनी ठरवलंय आणि ब्लॅक प्रेक्षक मोकळेपणाने हसला की शेजारचा वळून शुक करतो. आपल्याला हे लगेच कळायला हवं, आपल्याकडे वन्स मोअरला नाट्यपद थांबवून परत गायचे आणि तमाशाला शिट्ट्या नसतील तर फड चिंताग्रस्त. अशर, म्हणजे प्रेक्षकांना जागा दाखवणाऱ्या, लोकांना हे समजावून सांगा, कोणाला टोकायचं आणि कोणाला नाही, आणि तिकीट तपासताना कोणाला दोनदा विचारलं जातंय याकडे थिएटरच्याच कोणालातरी लक्ष ठेवू द्या.

तिकिटाचं म्हणाल तर प्रत्येक नाटकाचा एक प्रयोग "जमेल ते द्या" ठेवा, आणि तो गुरुवार दुपारचा ठेवू नका.

पैसे आणि कायदा

बजेटमध्ये यासाठी स्वतंत्र ओळ नसेल तर काहीही होणार नाही. केशभूषा, अ‍ॅक्सेंट कोच, नाटक ज्या समाजाबद्दल आहे त्यातला सल्लागार, प्रवासखर्च. "आमच्यासाठी जरा वाचून सांगता का" असं फुकट विचारू नका, प्लंबरला विचारता का फुकट?

कायद्याचं वातावरण मात्र बदललंय, ते नीट समजून घ्या. २०२४ च्या जूनमध्ये अटलांटाच्या फेडरल अपील कोर्टाने फिअरलेस फंड या संस्थेची फक्त ब्लॅक महिलांसाठी असलेली ग्रँट थांबवली, आधार घेतला तो १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा, जो मुळात गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी केला होता. २०२५ च्या मे महिन्यात नॅशनल एंडाउमेंट फॉर द आर्ट्स या कलांना अनुदान देणाऱ्या सरकारी संस्थेने अनेक थिएटरांची मंजूर झालेली अनुदानं रद्द केली. तेव्हा "फक्त अमुक वंशासाठी" अशी शिष्यवृत्ती किंवा जागा लिहिण्याआधी वकिलाला दाखवा. वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टी, मुदती, बस, फी माफी, उतारे आधी देणं, तक्रारीचा मार्ग, या सगळ्यांसाठी असलेल्या गोष्टी आहेत, त्यांना हात लावायचं कारण नाही. घाबरून सगळंच गुंडाळणाऱ्या बोर्डांना हे सांगा.

आणि आपलं मंडळ?

हे लिहिणार नव्हतो, पण राहवत नाही. १८७३ च्या 'गुलामगिरी'त जोतीरावांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना ग्रंथ अर्पण केला हे आपण दर जूनटींथला, म्हणजे १९ जूनच्या गुलामगिरीमुक्तीच्या दिवशी, फॉरवर्ड करतो. आणि मग मंडळाच्या नाटकात मोलकरीण आली की ती वऱ्हाडी नाहीतर मालवणी बोलते, हशा तिच्या बोलण्यावरच असतो, आणि ती भूमिका करणाऱ्या बाईंना "अगं जरा गावठी कर ना" असं सांगितलं जातं. गोऱ्यांनी आपला अ‍ॅक्सेंट केला की राग येतो, तोच हा प्रकार आहे.

मंडळाचे जुने प्रोग्रॅमही काढून बसा. नाटक कोण निवडतं, आडनावं कोणती, दलित लेखकाचं किंवा लोकनाट्याच्या परंपरेतलं शेवटचं काय केलं, मुख्य भूमिका कोणाला आणि नोकराची कोणाला. इथे वाढलेली मुलं, ज्यांचं मराठी अडखळतं, त्यांना फक्त डान्सलाच का ठेवतो. सिॲटलने २०२३ च्या फेब्रुवारीत जातीवरून भेदभावाला बंदी घालणारा कायदा केला, कॅलिफोर्नियातलं तसं विधेयक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरने परत पाठवलं. कायदा असो नसो, तुमच्या थिएटरच्या किंवा मंडळाच्या नियमावलीत भेदभावाच्या यादीत वंश, वर्ण, धर्म यांच्या शेजारी "जात" हा शब्द घालायला कोणाची परवानगी लागत नाही. अमेरिकन बोर्डाला त्याचा अर्थ समजावायला तुम्हालाच उभं राहावं लागेल, तयारी करून जा. आडनाव विचारून मग "म्हणजे तुम्ही कोण?" हा प्रश्न तालमीच्या खोलीत का येतो हे दोन मिनिटांत सांगता आलं पाहिजे.

आता स्टेटमेंट लिहा

इतकं झालं की स्टेटमेंट एका पानात होतं आणि त्यात "आम्ही कटिबद्ध आहोत" असं लिहावंच लागत नाही. काय लिहायचं: गेल्या पाच सीझनचे आकडे हे होते. कमिटीची मुदत आता इतकी आहे. येत्या सीझनमध्ये ही नाटकं आहेत आणि ती या लोकांनी निवडली. केशभूषा आणि सल्लागारांसाठी इतके डॉलर ठेवलेत. तक्रार इथे करा, उत्तर इतक्या दिवसांत. जे जमलं नाही ते हे, आणि का.

आपलं गाव मुळात कुठल्या आदिवासी जमातीच्या जमिनीवर आहे याचा उल्लेख करायचा असेल तर ती जमात आज कुठे आहे हे शोधून त्यांच्याशी बोलून मगच, नुसतं नाव वाचून दाखवू नका.

हे पान वर्षातून एकदा, वार्षिक सभेच्या आधी, नव्या आकड्यांसह बदलायचं आणि जुनं पान खाली तसंच ठेवायचं म्हणजे कोणालाही तुलना करता येईल. जबाबदारी एका माणसाच्या नावावर असू द्या, आणि तो माणूस दरवेळी बोर्डातला एकमेव ब्राउन किंवा ब्लॅक सदस्य नसू द्या. सभेची तारीख आत्ताच ठरवा, सीझन जाहीर व्हायच्या निदान दोन महिने आधीची, कारण नाटकं एकदा छापून आली की मग बदलायला कोणी तयार नसतं.